कुंपणाबाहेरची कबर

सोमवार, ४ मार्च १९३५

आज नोकरीचा पहिला दिवस. धरण खात्याच्या कबरी हलवण्याच्या कचेरीत मला कारकून म्हणून घेतले आहे. पुढच्या वर्षी या दिवसांत केन क्रीकचे सगळे खोरे पाण्याखाली असेल. त्याआधी खोऱ्यातल्या कबरी उकरून वर टेकडीवर न्यायच्या आहेत. कोण कुठे पुरले आहे ते म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्यायचे आणि घरोघरचे जुने कागद उतरवून काढायचे, हे माझे काम.

वरिष्ठ मिस्टर हॅल्व्हर्सन उत्तरेकडचे आहेत, मिनेसोटाचे. त्यांनी एक उतारा वाचला आणि मला लिहायला लावला. एकही चूक निघाली नाही. म्हणाले, "शिक्षण किती?"

"सातवी, सर. मग वडील गेले आणि मोज्यांच्या गिरणीत लागलो. आता गिरणीच बंद आहे."

"सातवी पुष्कळ झाली. इथं हुशारी नको. लोक सांगतील तसं लिहायचं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही."

नियम येथेही लिहून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही. कबरीवर नाव नसेल तर जुना लेखी कागद पाहिजे, नाहीतर सर्वांत जवळच्या नातेवाइकाचा शपथेवरचा जबाब. दोन्ही नसतील तर कबर धरायची नाही. कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर तर मोजायचेच नाही. १० एप्रिलला यादी बंद. त्यानंतर जे राहील ते पाण्याखाली राहील.

कचेरीच्या वहीत कामाची नोंद करतो. ही वही माझी स्वतःची. शाई दोनदा सांडली, पण कागदावर नाही.

बुधवार, ६ मार्च

मिस्टर क्लेबॉर्न रकर यांच्या मळ्यावर गेलो. खोऱ्यातली सपाट, चांगली जमीन जवळजवळ सगळी त्यांची. काळ्या लोकांचे जुने कबरस्तान त्यांच्याच हद्दीत येते.

त्यांची आत्या मिस ऑगस्टा सत्तरीच्या आहेत. त्यांनी आपल्या आजोबांची, म्हणजे मळ्याच्या तेव्हाच्या मोठ्या मालकांची, यादवी युद्धाआधीची रोजवही टाइप करून ठेवली आहे, छप्पन्न पाने, निळ्या फितीने बांधलेली. मला चहा दिला. बशीला धक्का लागेल म्हणून मी तो प्यायलोच नाही.

"मूळ वही फार मळकी आहे रे," त्या म्हणाल्या. "अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय फिरवलेत. मी सगळं नीट करून ठेवलंय. तू हेच उतरव."

टाइप केलेले वाचायला फार सोपे. गुलामांची नावे, जन्म, मृत्यू, कोण कधी पळाला, सगळे ओळीने. आडनावे कोणालाच नाहीत. कबरस्तानातल्या एकतीस जणांची नावे एका दिवसात मिळाली.

शाळेत आम्हाला इतिहासाचे एकच पुस्तक होते. त्यात युद्धाआधीच्या मळ्यांना एक पान होते आणि ते मला अजून पाठ आहे: गुलाम सुखी होते, मालकांवर त्यांची माया होती. आज पहिल्यांदा त्या काळचा कागद हाताशी आला, टाइप केलेला का होईना. नुसते वाचणे वेगळे आणि हे वेगळे.

शुक्रवार, ८ मार्च

आज पहिला मोठा जबाब घेतला. झिल्फा मावशीचा; म्हाताऱ्या काळ्या बायकांना आमच्याकडे सगळे मावशीच म्हणतात. शहाऐंशी वर्षांची आहे, रकरांच्या मळ्यावरच गुलामीत जन्मली आणि आजही त्यांनीच दिलेल्या खोलीत राहते. त्या काळचे माणूस खोऱ्यात हे एकच उरले आहे.

रस्त्यात चिखल होता, म्हणून मिस्टर रकर यांनी आपल्या गाडीतून नेले. मला बरे वाटले. मी आत स्टुलावर बसलो, ते दारात उभे राहिले. उजेड थोडा अडला, पण लिहिता आले.

मावशी वाटाणे सोलत होती. शेवटपर्यंत हात थांबवले नाहीत.

मी विचारले, "मोठे मालक कसे होते, मावशी?"

"देवमाणूस. नाताळला एकेकाला वाटीभर काकवी द्यायचे."

"मारहाण व्हायची का?"

"ज्यानं काही केलं नाही त्याला कोण मारतंय, साहेब?"

मग मी कबरस्तानातली नावे एकेक करून विचारली. कोण कोणत्या झाडापाशी, कोणाचे डोके कुठल्या दिशेला, तिला सगळे ठाऊक आहे. शेवटी मिस्टर रकर दारातूनच म्हणाले, "आणि ज्यूबलचं सांग ना, मावशी. तुझा भाऊ तो. पळाला ना?"

"हो मालक, पळाला. पाय लांब होते त्याचे."

"पुन्हा कधी आला नाही?"

"नाही मालक. कसा येईल?"

टाइप केलेल्या वहीतही तेच आहे: "१४ मार्च १८५९. ज्यूबल पळाला." मला फार आनंद झाला. कागद आणि तोंडचा शब्द तंतोतंत जुळले. असे जुळते तेव्हा इतिहास पक्का होतो, असे हॅल्व्हर्सन म्हणतात.

जबाब वाचून दाखवला. सही करता येते का, असे विचारले. तिने एकदा दाराकडे पाहिले आणि फुली मारली. परत येताना मिस्टर रकर खुशीत होते. टेकडीवरच्या नव्या जमिनीत मावशीला खोली बांधून देणार आहेत, तसे त्यांनी स्वतः सांगितले. भला माणूस.

मंगळवार, १२ मार्च

कबरस्तानात खुंट्या ठोकल्या. मावशी दाखवील तिथे मजूर खुंटी मारणार, मी नाव लिहिणार. काळ्या लोकांत कबरीवर मेलेल्या माणसाची वापरातली वस्तू फोडून ठेवतात. म्हणून जिथे तिथे फुटके पेले, दिव्याच्या काचा, एक बिनकाट्यांचे घड्याळ. एकतीस खुंट्या झाल्या. काळ्या लोकांच्या चर्चचे रेव्हरंड ओडम मदतीला आले होते. ते मावशीला सिस्टर मेबेरी म्हणतात.

काम संपल्यावर मावशी कुंपणाबाहेर जाऊन सीडरच्या झाडाखाली उभी राहिली. बराच वेळ. तिथे एक साधा दगड आहे आणि त्याच्यापाशी निळ्या बशीचे तुकडे.

मी विचारले, "इथं कोण आहे?"

मिस्टर रकर यांचा मुकादम जवळच होता. मावशी म्हणाली, "कोणी नाही, साहेब. पाय दुखले म्हणून उभी राहिले."

तसे मी लिहिले. कुंपणाबाहेर मोजायचे नाही, तरी लिहिले.

रविवार, १७ मार्च

चर्चहून आल्यावर शेंगा आणि मक्याची भाकरी खाताना आईला हे सगळे सांगितले. आई माझ्याइतकीही शिकलेली नाही.

ती म्हणाली, "हॉलिस, पाय दुखले की माणूस उभं राहतं का बसतं?"

"बसतं."

"मग?"

"तिनं सांगितलं तसं मी लिहिलं."

"लिहिलंस रे बाबा. तुझ्या वडिलांनी पण कंपनीच्या डॉक्टरला सांगितलं होतं, छातीत काही नाही. मुकादम बाजूला होता ना उभा. डॉक्टरनंसुद्धा तसंच लिहिलं."

मग ती भांडी घासायला गेली.

गुरुवार, २१ मार्च

आज एकटा गेलो. पायी. साडेचार मैल, बूट खराब झाले. मावशी ओट्यावर बसली होती आणि रेव्हरंड ओडम सरपण रचत होते.

तिने आधी माझ्या मागे रस्त्यावर पाहिले. "मालक आलेत?"

"नाही. मी चालत आलो."

"का बरं? तुमचं लिहून झालंय ना?"

मी घरून प्रश्न लिहून आणले होते, सात प्रश्न, ते सगळे निरुपयोगी वाटले. म्हणालो, "सीडरच्या झाडाखाली कोण आहे?"

रेव्हरंड म्हणाले, "सिस्टर, पाणी यायला वर्ष राहिलंय. या पोराला दहा तारखेपर्यंतच लिहिता येतं."

"आणि लिहिलेलं कोण वाचणार, रेव्हरंड? माझी खोली मालकांच्या हातात आहे, याच्या नाही." मग माझ्याकडे वळून, "तुमचे वडील कोण हो?"

"एल्बर्ट टीग. गिरणीत होते. छातीनं गेले."

"आई आहे?"

"आहे. तिनंच म्हटलं, पाय दुखले की माणूस बसतं."

यावर मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. रेव्हरंड पाणी घेऊन धावले. मग ती म्हणाली, "बरं. काढा कागद. पण आता मधे बोलू नका. एकदाच सांगेन."

पुढचे तिच्याच शब्दांत, कचेरीच्या कागदावरून इथे उतरवतो.

"ज्यूबल माझा थोरला. सतरा वर्षांचा. मी दहाची. त्याला लोखंडाच्या भट्टीवर कामाला दिलं होतं, दोन दिवसांच्या वाटेवर. आई आजारी असं कानावर गेलं म्हणून चिठ्ठी न घेता आला. चिठ्ठीशिवाय मळा सोडायचा नाही, असा कायदा होता. धाकटे मालक, मोठ्या मालकांचे चिरंजीव, आताच्या मालकांचे आजोबा, तेव्हा ज्यूबलच्याच वयाचे. तबेल्यापाशी गाठ पडली. ज्यूबल म्हणाला, आईला बघतो आणि सकाळी जातो. एवढंच म्हणाला. धाकट्या मालकांच्या हातात गाडीच्या जूचं लाकूड होतं. एकदाच मारलं, पण डोक्यात. तिसऱ्या दिवशी गेला. मी पाणी देत होते, ते बाहेर यायचं.

"मोठ्या बाईसाहेब देवाधर्माच्या. चर्चमध्ये काय तोंड दाखवू म्हणाल्या. म्हणून सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि सांगितलं, ज्यूबल पळाला. कोणी विचारलं तर काय झालं? आम्ही सगळे म्हणालो, पळाला. मलाही म्हणायला लावलं. तीनदा.

"कुंपणाच्या आत पुरता येईना. पळालेल्या माणसाची कबर कशी असेल? म्हणून बाहेर पुरला. आईला रडायची बंदी होती. ती कपडे धुताना रडायची, तेव्हा तोंड ओलं असतंच. ती बशी आईची. त्याला त्यात जेवायला वाढायची.

"शहात्तर वर्षं म्हणत आले, पळाला. तोंडाला वळण पडलंय. तुमच्यापुढेही तेच निघालं."

मी विचारले, "हे शपथेवर सांगाल?"

"ते अजून ठरवलं नाही."

पहिला कागद घाईत लिहिल्यामुळे खराब झाला. तिथेच दुसऱ्यावर स्वच्छ उतरवला.

शुक्रवार, २२ मार्च

मिस्टर हॅल्व्हर्सन यांना दोन्ही जबाब दाखवले. त्यांनी चष्मा काढला.

"एकच बाई. दोन गोष्टी. आठ तारखेची सहीसकट आहे, कालची बिनसहीची. मी नकाशावर काय मांडू?"

"कालची खरी आहे, सर."

"कशावरून? पहिली आणलीस तेव्हा तू म्हणाला होतास, कागदाशी जुळतं."

ते काही वाईट मनाने बोलले नाहीत. म्हणाले, "कुंपणाबाहेरची असली तरी मांडतो. पण शपथ आण, नाहीतर कागद आण. कागद म्हणजे मूळ कागद. म्हातारीनं टाइप केलेला नको."

माझ्या लक्षात आले की मूळ वही मी पाहिलीच नाही. उतारे उतरवले आणि त्याला इतिहास म्हटले. दिवसभर मान वर करावीशी वाटली नाही.

सोमवार, २५ मार्च

मिस ऑगस्टांकडे गेलो. मूळ वही पाहायला मिळेल का, अक्षर कसे होते याची नोंद हवी आहे, असे सांगितले. खोटे नव्हते, पण खरेही नव्हते.

"तुलाच दाखवते," म्हणाल्या. "तुझं स्वतःचं अक्षर बरं आहे म्हणून."

वही कातडी पुठ्ठ्याची. आजोबांचे अक्षर खरोखर वाईट. मार्च १८५९ काढायला अर्धा तास लागला. चौदा तारखेला ज्यूबल पळाल्याची ओळ आहे. तिच्या खाली, त्याच दिवशी, त्याच शाईने: "सुतार केटोला पोप्लरच्या फळ्या चार. टेम्पीला पांढरे कापड पाच वार."

टेम्पी म्हणजे मावशीची आई.

मी मागची पुढची पाने पाहिली. फळ्या आणि कापड ही जोडी जिथे जिथे आली आहे तिथे त्याच दिवशी कोणीतरी मेल्याची नोंद आहे. अकरा वेळा. ज्यूबलच्या दिवशी मेलेले कोणीच नाही. १८५७ मध्ये दोघे खरोखर पळाले होते. त्यांच्या नावापुढे वर्तमानपत्रात जाहिरात दिल्याचे आणि कुत्री मागवल्याचे लिहिले आहे. ज्यूबलसाठी जाहिरात नाही, कुत्री नाहीत.

मी विचारले, "मिस ऑगस्टा, ही फळ्यांची ओळ तुमच्या टाइपात नाही?"

"छे रे! फळ्या किती, कापड किती, खिळे किती, असल्या हजार ओळी आहेत. त्यात कोणाला काय गोडी? माणसं तेवढी ठेवली मी."

त्यांना काहीच कळले नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले. त्यांच्या परवानगीने ती दोन पाने शब्दशः उतरवली आणि खाली त्यांची सही घेतली. सही करताना त्या म्हणाल्या, "क्लेबॉर्नला सांगते, आपल्या वहीत सरकारला किती रस आहे ते." मी मान डोलावली. चहाही प्यायलो.

घरी येईपर्यंत मी खुशीत होतो.

गुरुवार, २८ मार्च

मिस ऑगस्टांनी सांगितले. मिस्टर रकर यांना त्या ओळींचा अर्थ कळायला वेळ लागला नाही.

रेव्हरंड ओडम कचेरीच्या मागच्या दाराने आले. पुढच्या दाराने काळे लोक येत नाहीत. टेकडीवरची खोली आता मुकादमाच्या मेव्हण्याला देणार आहेत आणि मावशीला महिनाअखेर जागा सोडायला सांगितले आहे.

मिस ऑगस्टा सांगणार हे त्यांनी माझ्या समोरच म्हटले होते, आणि मी मान डोलावली होती.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणालो. "मी कागद परत करतो. फाडतो. त्यांना सांगतो, माझी वाचायची चूक झाली."

रेव्हरंड म्हणाले, "तू काय करणार ते तिला विचारलंस का?"

दुपारची रजा घेऊन चालत गेलो. मावशीने गोधड्या बांधून ठेवल्या होत्या. मी कागद फाडायचे बोललो तेव्हा ती म्हणाली, "साहेब, तुम्ही फार घाबरट आहात हो."

"हो."

"मीपण. शहात्तर वर्षं. खोलीसाठी घाबरत होते. आता खोली गेली. मग घाबरायचं कशाला?" तिने मला गोधडीचे दुसरे टोक धरायला लावले. "रेव्हरंडची भाची मला ठेवून घेते म्हणाली. तिचं पोरगं घोरतं, एवढंच. मंगळवारी गाडी मिळेल का, विचारा तुमच्या वरच्या साहेबांना. शहरात चालत येणं नाही व्हायचं माझ्यानं."

मंगळवार, २ एप्रिल

मिस्टर हॅल्व्हर्सन यांनी स्वतःची गाडी पाठवली.

शपथ देणारा अधिकारी, हॅल्व्हर्सन, मी, रेव्हरंड ओडम. थोड्या वेळाने मिस्टर रकर आले. कोणी बोलावले नव्हते. ते दारात उभे राहिले.

हॅल्व्हर्सन म्हणाले, "या, मिसेस मेबेरी. बसा."

आमच्याकडे काळ्या बाईला मिसेस असे कोणी म्हणत नाही. अधिकाऱ्याने कागद उगाच सारखे केले. मावशीने मागे वळून पाहिले, जणू दुसरी कोणी बाई आत आली आहे. मग बसली.

मिस्टर रकर म्हणाले, "मावशी, तुझं वय झालंय. आठवणींचा घोटाळा होतो. काय सांगतेस ते नीट विचार करून सांग."

"हो मालक," ती म्हणाली. "विचार करायला वेळ भरपूर मिळाला."

मग तिने सगळे पुन्हा सांगितले. आधीच्यापेक्षा थोडक्यात, आवाज न चढवता. जूच्या लाकडाचे सांगताना तिने मिस्टर रकर यांच्याकडे पाहिले नाही, खिडकीकडे पाहिले. मी लिहीत होतो. मधेच ते निघून गेले. कधी ते मला कळले नाही, पण कागदावरचा उजेड वाढला.

वाचून दाखवल्यावर मी फुलीसाठी टाक पुढे केला. तिने तो घेतला आणि पूर्ण नाव लिहिले, झिल्फा मेबेरी, गोल, सावकाश, एकही अक्षर न चुकता.

मी म्हणालो, "तुम्हाला लिहिता येतं?"

"युद्धानंतरच्या शाळेत शिकले. त्या दिवशी विचारलंत तेव्हा दारात कोण होतं?"

मिस्टर हॅल्व्हर्सन यांनी आठ तारखेचा जबाब उचलला. "हा आता रद्द. फाडून टाक, टीग. एका कबरीला एक जबाब."

"नका फाडू," मावशी म्हणाली.

"मिसेस मेबेरी, तो खोटा आहे. तुम्हीच सांगितलंत."

"खोटा आहेच. पण तो मी सांगितलाय. माझ्या आईनं सांगितला, आम्ही सगळ्यांनी सांगितला, शहात्तर वर्षं. तो फाडलात तर पुढं कोणी वाचेल आणि म्हणेल, म्हातारी इतकी वर्षं गप्प का होती? दोन्ही ठेवा. वाचणाऱ्याला कळू दे."

हॅल्व्हर्सन यांनी छापील तक्ता पुढे ओढून पाहिला. एका कबरीला दोन जबाब, असा रकाना नाही. शेवटी म्हणाले, "टीग, दोन्ही लाव. पण पहिल्याच्या खाली काहीतरी खुलासा लागेल. तो तू लिही. जबाब तू घेतलास."

बत्तिसावी खुंटी मंजूर झाली.

शनिवार, १३ एप्रिल

सीडरखाली खोदले. मजुरांनी टोप्या काढल्या होत्या. तीन फुटांवर मातीचा रंग बदलला. लाकूड राहिले नव्हते, पण चारी बाजूंना त्याची काळी रेघ होती आणि खिळे होते. हाडे थोडी. कवटी मिस्टर हॅल्व्हर्सन यांनी स्वतः उचलली, एका बाजूने पाहिली आणि लगेच कापडात गुंडाळली. मला म्हणाले, "लिही: मिसेस मेबेरींनी सांगितल्याप्रमाणे." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

मावशी खुर्चीवर बसून होती, रेव्हरंडच्या भाचीने छत्री धरली होती. बशीचे तुकडे तिने स्वतः वेचून फडक्यात बांधले.

टेकडीवर नवा खड्डा आधीच तयार होता, इतरांच्याच ओळीत, तिच्या आईच्या शेजारी. तिथे कुंपण अजून घातलेले नाही.

दगडावर कोरायच्या नावासाठी कार्ड भरायचे होते. नाव, आडनाव, वर्षे. मी विचारले, "आडनाव काय लिहू? वहीत कोणालाच आडनाव नाही. रकर?"

"ते नाव नको त्याच्या डोक्याशी."

"मेबेरी?"

"ते माझ्या नवऱ्याचं. ज्यूबलनं त्याला पाहिलंही नाही." मग म्हणाली, "आमच्यात कोण कोणाचं ते आईवरून सांगायचे. टेम्पीचा ज्यूबल. तसं बसतं का तुमच्या कार्डात?"

बसत नव्हते. आडनावाच्या रकान्यात मी "टेम्पीचा" असे लिहिले. चूक दिसते, पण आहे तसेच ठेवले.

जायच्या वेळी मावशी मला म्हणाली, "तुमच्या आईला सांगा, बसले म्हणावं आज."

सोमवार, १५ एप्रिल

खुलासा लिहायला दोन दिवस लागले. पहिला मसुदा दीड पान झाला. त्यात मी नवा होतो, रस्त्यात चिखल होता, नियम काय होते, असे सगळे होते. ते काढून टाकले. आज आठ तारखेच्या जबाबाखाली पुढीलप्रमाणे लिहिले:

"वरील जबाब मी, हॉलिस टीग याने, ८ मार्च १९३५ रोजी लिहून घेतला. शब्द मिसेस झिल्फा मेबेरी यांचेच आहेत, मी त्यांत बदल केलेला नाही. त्या वेळी मिस्टर क्लेबॉर्न रकर दारात उभे होते. मी त्यांच्याच गाडीतून गेलो होतो. मिसेस मेबेरी त्यांच्या खोलीत राहत होत्या. ज्यूबलविषयीचा प्रश्न मिस्टर रकर यांनी विचारला, मी विचारला नाही. यांपैकी काहीही मी त्या दिवशी जबाबात लिहिले नाही. विसरलो म्हणून नव्हे. ते लिहिण्याजोगे आहे असे मला वाटले नाही."

मिस्टर हॅल्व्हर्सन यांनी उभ्यानेच वाचले. म्हणाले, "शेवटचं वाक्य काढ. त्याची गरज नाही. उगाच तुझ्यावर येईल."

सातवीनंतर पहिल्यांदाच मी कोणा वरिष्ठाला नाही म्हणालो. "राहू द्या, सर," म्हटले आणि खाली सही केली.